शाळेच्या बसचा थांबा दोनशे पावलं सरकवायचा होता

25 जून 2024 ला दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटरसायकल शाळेच्या थांबलेल्या बसच्या डाव्या अंगानं, म्हणजे दाराच्या बाजूनं गेली आणि तिचा आरसा उतरणाऱ्या पोराच्या दप्तराला घासला. कुणाला लागलं नाही. 20 जानेवारी 2025 ला तीच बस नव्या, सुरक्षित जागेवर थांबायला लागली. मधल्या सात महिन्यांत शाळेच्या परिवहन समितीनं केलेले अर्ज, झालेले खेटे, खर्च आणि चुका इथं क्रमानं लिहिल्या आहेत. गाव, शाळा आणि कार्यालयांची नावं मुद्दाम वगळली आहेत. मराठवाड्यात असे फाटे खूप आहेत, त्यामुळे नावाविनाही चित्र डोळ्यापुढं येईल.

फाटा असा आहे. दुपदरी रस्ता, दुभाजक नाही. उत्तरेकडून तालुक्याला येताना आधी नळकांडी पूल, मग वळण, आणि वळण संपतं तिथंच चहाचं हॉटेल, पानटपरी आणि काळी-पिवळीचा अड्डा. बस तिथंच थांबायची, कारण सगळंच तिथं थांबतं. गाव रस्त्याच्या पूर्वेला, वस्ती पश्चिमेला. एकूण 34 लेकरं: 19 गावातली, 15 वस्तीवरची. बस सकाळी तालुक्याहून रिकामी निघून 6.40 ला फाट्यावरून पुढच्या गावाकडे जायची आणि परतताना 7.15 ला फाट्यावरची सगळी पोरं घ्यायची. दार डावीकडे असल्यानं परतताना ते गावाच्या बाजूला उघडायचं. म्हणजे सकाळी वस्तीवरची पोरं रस्ता ओलांडून यायची. दुपारी बस जातानाच सगळ्यांना उतरवायची, तेव्हा दार वस्तीच्या बाजूला, म्हणून गावातली पोरं ओलांडायची. हे इतकं नीट कळायला आम्हाला नोव्हेंबर उजाडला. जूनमध्ये डोक्यात एकच होतं, की गाड्या थांबत नाहीत.

बसचे ड्रायव्हर मामा म्हणाले, "दिवे लावले तरी माणसं हॉर्न मारत पुढं जातात. कायद्यात कायतरी असंल की." म्हणून सुरुवात कायद्यापासून केली, आणि इथंच पहिला भ्रम गेला. अमेरिकेत शाळेची बस लाल दिवे लावून, बाजूचा 'थांबा'चा हात बाहेर काढून उभी राहिली की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहनं थांबतात. व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ तिकडचे असतात. आपल्या मोटार वाहन कायदा 1988 मध्ये थांबलेल्या शालेय बससाठी असं स्वतंत्र कलम नाही. बसचा पिवळा रंग, लुकलुकणारे दिवे, वेगनियंत्रक या अटी बसवर आहेत. मागून येणाऱ्यावर जे बंधन आहे ते इतर कलमांतून येतं आणि ते शोधून जुळवावं लागतं.

आम्ही जुळवलेलं असं. 23 जून 2017 ला आलेल्या मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घेण्याचं बंधन चालकावर आहे. वळणावर किंवा पुढचा रस्ता दिसत नसताना ओव्हरटेक करायला मनाई आहे. पुढचं वाहन उजवीकडे वळत नसेल तर डावीकडून ओव्हरटेक करायचं नसतं. दुधाच्या गाडीनं नेमकं तेच केलं होतं. या विनियमांचा भंग म्हणजे कलम 177अ, दंड 500 ते 1,000 रुपये. ओव्हरटेक कायद्याविरुद्ध आणि धोक्याचं असेल तर कलम 184, धोकादायक ड्रायव्हिंग: पहिल्या गुन्ह्याला 6 महिने ते 1 वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. हातात मोबाइल धरून गाडी चालवणंही 184 मध्येच बसतं. वेगासाठी कलम 183, हलक्या वाहनाला 1,000 ते 2,000, मध्यम आणि जड वाहनाला 2,000 ते 4,000 रुपये. अकरावी-बारावीची पोरं बिनपरवान्याची मोटरसायकल दामटतात त्यांच्यासाठी 199अ: पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द.

अर्जात जुनी कलमं लिहू नका. आमच्या पहिल्या मसुद्यात भरधाव वाहन चालवण्यासाठी भादंवि 279 होतं. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 281 आलं आहे. ठाण्यातल्या हवालदारांनी ते हसत खोडून दिलं.

आणखी एक चूक वाचवा. 'शांतता क्षेत्र, हॉर्न वाजवू नये' अशी पाटी थांब्यावर लावायची मागणी आम्ही केली होती. शांतता क्षेत्राचे 100 मीटर शाळेभोवती, रुग्णालयाभोवती, न्यायालयाभोवती मोजतात. शाळा तिथून 9 किलोमीटर लांब. फाट्यावरचा थांबा म्हणजे शाळेचा परिसर नव्हे. ती मागणी अर्जातून काढली तेव्हा अर्ज हलका झाला.

6 जुलैला परिवहन समितीची बैठक झाली. महाराष्ट्रात 2011 च्या शालेय बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत ही समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालक प्रतिनिधी, पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण विभाग, स्थानिक संस्था आणि बस ठेकेदार यांचे प्रतिनिधी. बसचे थांबे ठरवणं हे तिचंच काम. पुष्कळ ठिकाणी ती कागदावर असते, आमचीही तशीच होती. तरी तिचा ठराव फार कामाला येतो. पालकांचा अर्ज ही विनंती ठरते, समितीचा ठराव मात्र नियमातून आलेला कागद असतो, त्यामुळे पुढच्या टेबलावर तो बाजूला सारता येत नाही. इतिवृत्तावर हजर असलेल्या प्रत्येकाची सही आणि हुद्दा घ्या. गैरहजर सदस्यांना प्रत पाठवून पोच ठेवा.

त्या बैठकीत आधी आमचीच बस तपासली गेली, आणि ते योग्यच झालं. मागचा एक पिवळा दिवा बंद होता. दुसऱ्यांवर बोट दाखवण्याआधी आपल्या बसचे दिवे, दार, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, फिटनेस, विमा, पीयूसी बघून घ्या. नाहीतर पाहणीला आलेला पहिला माणूस तिथंच विषय संपवतो.

9, 10 आणि 11 जुलैला सकाळी 7.05 ते 7.25 मोजणी केली. वहीत चार रकाने: उजवीकडून ओव्हरटेक, दाराच्या बाजूनं गेलेले, समोरून वेग न कमी करता आलेले, थांबलेले. दोन माणसं लागतात, एक बघणारा आणि एक लिहिणारा. एकट्यानं केलं तर निम्मं सुटतं. उभं राहायचं बसच्या मागे 30 पावलांवर, बाभळीखाली, म्हणजे चालकांना आपण दिसत नाही. दिसलो की ते शहाण्यासारखे वागतात. तीन दिवसांत दाराच्या बाजूनं 23 दुचाकी गेल्या, म्हणजे एक दप्तर घासलं ते नशीब म्हणायचं. या मोजणीचा एक पानी तक्ता पुढं प्रत्येक अर्जाला जोडला. भावनेच्या दोन पानांपेक्षा त्या पानानं जास्त काम केलं.

आता सगळ्यात वेळखाऊ भाग: रस्ता कुणाचा?

15 जुलैला सार्वजनिक बांधकाम विभागाच्या (साबांवि) उपविभागात अर्ज दिला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की हा रस्ता जिल्हा परिषदेकडे आहे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात गेलो तर ते म्हणाले, रस्ता दर्जोन्नत होऊन राज्य महामार्ग झालाय, आता तो साबांविकडेच. यात 20 ऑगस्ट उजाडला. हे पाच आठवडे पूर्णपणे वाचवता आले असते. साधारण वाटणी अशी असते: ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाकडे किंवा साबांविच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. किलोमीटरचा दगड बघा. डोक्यावर पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. पण दगडावर विसंबू नका. मराठवाड्यात गेल्या दहा-बारा वर्षांत कितीतरी रस्त्यांचा दर्जा बदलला आणि दगड जुनेच राहिले. आमच्या दगडाचा तर रंगच उडालेला होता. खात्रीचा उपाय म्हणजे शाखा अभियंत्याला रस्त्याचा क्रमांक आणि साखळी क्रमांक विचारणं. साखळी म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं किलोमीटर आणि मीटरमधलं अंतर. अर्जात 'हॉटेलजवळ' असं लिहिलं की अर्ज फिरत राहतो, साखळी लिहिली की थेट त्या शाखेच्या टेबलावर जातो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 वर तक्रार नोंदवता येते.

मध्ये एक फुकटची फेरी झाली. 5 ऑगस्ट, महिन्याचा पहिला सोमवार, जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन. तिथं वैयक्तिक तक्रार लागते, सामूहिक मागणी घेत नाहीत. शिवाय विहित नमुन्यात 15 दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. आमचं दोन्हीत बसत नव्हतं. दिवस गेला, एसटीचं भाडं गेलं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घेतला. इथं शब्द जपून वापरा. गावकऱ्यांना हवा होता गतिरोधक, एकच आणि चांगला उंच. ठरावात 'गतिरोधक बसवावा' असं लिहिलं की अभियंता 'नियमात बसत नाही' एवढं एक वाक्य लिहून फाईल बंद करू शकतो. आम्ही लिहिलं: 'थांबा स्थलांतरित करण्यास ना हरकत द्यावी आणि वेग कमी करण्यासाठी योग्य उपाययोजना करावी.' योग्य काय, ते त्यांनीच ठरवावं. गतिरोधकाबद्दल सांगायचं तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी 25 किलोमीटरच्या वेगासाठी आखलेला आहे. गावात रातोरात सिमेंटचा जो उभट बांध घालतात तो त्याच्या जवळपासही नसतो. त्यावर रात्री दुचाकीवाला पडतो, आणि उसाच्या ट्रॉलीचा हुक उसळला तर मागची ट्रॉली सुटून बसवर यायची. आमच्याही गावात दोघं-तिघं सिमेंटची पोती घेऊन तयारच होते. त्यांना थांबवणं हे अर्ज लिहिण्यापेक्षा अवघड गेलं.

21 ऑगस्टला कार्यकारी अभियंत्यांच्या नावे नवा अर्ज. सोबत समितीचं इतिवृत्त, ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा तक्ता, हातानं काढलेला नकाशा आणि सकाळी 7.15 चे चार फोटो. प्रती उपविभागाला, पोलीस ठाण्याला, आरटीओला आणि तहसीलदारांना. प्रत्येक प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. आवक क्रमांक नसलेला कागद म्हणजे दिलाच नाही असं समजा.

त्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात एक गाढवपणा झाला. नवी जागा ठरली होती वळणापासून दोनशे पावलं पुढे, सरळ रस्त्यावर, जिथं दोन्हीकडून लांबून दिसतं. तिथली साइडपट्टी काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात आणि पावसात तिचा चिखल होतो. बस डांबराखाली उतरत नाही याचं खरं कारण हेच आहे, ड्रायव्हरचा आळस नव्हे. चाक रुतलं तर 30 पोरांसकट बस कलते. म्हणून गावकऱ्यांनी 28 ऑगस्टला दोन ट्रॉली मुरूम तसाच मातीवर टाकला. 1 आणि 2 सप्टेंबरला मराठवाड्यात झोडपून पाऊस झाला. 2 तारखेला पोळा होता, बैल नटवायलाही उघडीप मिळेना. पाऊस थांबल्यावर पाहिलं तर मुरूम मातीत गडप. काळ्या मातीवर नुसता मुरूम टिकत नाही. आधी किमान 30 सेंटिमीटर माती काढावी लागते, मग थर देऊन, पाणी मारून दाबावा लागतो. शिवाय ती जागा साबांविची, परवानगीशिवाय टाकलेला मुरूम हे अतिक्रमणच होतं. सुदैवानं पुरावा मातीत गेला होता.

10 सप्टेंबरला माहिती अधिकाराचा अर्ज केला. जोडपत्र 'अ', 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 'काम का होत नाही?' असा प्रश्न विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. 'दिनांक 21 ऑगस्टच्या आवक क्रमांक अमुक या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी', एवढंच लिहा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. उत्तर येण्याआधीच संयुक्त पाहणीची तारीख आली: 27 सप्टेंबर.

पाहणीला शाखा अभियंता, वाहतुकीचे पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, सरपंच आणि मुख्याध्यापक. वेळ कार्यालयानं सकाळी 11 ची दिली होती. 11 ला त्या फाट्यावर कुत्रंही नसतं. आम्ही हात जोडून 7 मागितली आणि साहेब लोक आले, हे नमूद करायला हवं. 7.15 ला बस आली. पाठोपाठ एक जीप वळणातून बाहेर पडून बसला वळसा घालून गेली, समोरून टेम्पो. बाकी काही समजावून सांगावं लागलं नाही.

जागेवर ठरलं ते असं. हॉटेलजवळचा थांबा बंद. नव्या जागी बससाठी 20 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद मुरमाची पट्टी. दोन्ही बाजूंना 120 मीटर आधी लाल काठाचा त्रिकोणी 'शाळा' फलक. वळण संपल्यावर थर्मोप्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या, टप्प्याटप्प्यानं. आणि झेब्रा पट्टे, पण बसच्या मागच्या अंगाला. आम्ही ते पुढं मागितले होते. अभियंत्यांनी समजावलं: बसच्या नाकासमोरून पोरगं निघालं तर ओव्हरटेक करणाऱ्याला ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, बसचा सगळा देह मध्ये असतो. मागच्या अंगाला असेल तर मागून येणाऱ्याला पोर आणि पोराला तो, दोघं एकमेकांना दिसतात. त्याहून बरं म्हणजे बस निघून जाईपर्यंत पोरानं हलायचंच नाही. तेव्हापासून बसमधल्या मावशी पोरांकडून तेच घोकून घेतात: बस गेली, रस्ता दिसला, मग पाय.

दहा-पंधरा दिवसांत अंदाजपत्रक होईल म्हणाले. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. नवं काम मंजूर होणार नाही. मग दिवाळीची सुट्टी, 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल. या काळात कार्यालयात जाऊन उपयोग नसतो, उलट माणसं वैतागतात. जून-जुलैतच फाईल मंजुरीपर्यंत नेता आली तर न्या, निवडणुकीचं वर्ष असेल तर नक्कीच.

नेमका याच रिकाम्या काळात खरा उपाय सापडला, आणि तो मामांनी सांगितला. "मी सकाळी जाताना बी इथून जातो आन येताना बी. जाताना दार वस्तीकडं असतं. मग वस्तीची लेकरं जातानाच घेतो की. दुपारच्याला गावची लेकरं येताना उतरवतो." कागदावर मांडून पाहिलं. कुणालाच रस्ता ओलांडावा लागत नव्हता! खर्च शून्य, परवानगी फक्त समितीची. वस्तीवरची पोरं सकाळी अर्धा तास जास्त बसमध्ये बसणार, गावातली दुपारी तेवढीच जास्त. पालकांत कुरबुर झाली, पण दोन्हीकडच्यांना तेवढाच त्रास असल्यानं ती फार टिकली नाही. 18 नोव्हेंबरपासून हे सुरू झालं. चार महिने आम्ही रस्त्याला बदलायला निघालो होतो आणि बसची फेरी कुणी नीट बघितलीच नव्हती. तुमच्याकडे अशी अडचण असेल तर पहिल्या दिवशी हे तपासा: बस दोन्ही दिशांनी जाते का, आणि दार कुठल्या बाजूला उघडतं.

तरीही वळणावरचा थांबा हलवणं गरजेचं होतंच, कारण 15 नोव्हेंबरला गाळप हंगाम सुरू झाला. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुलावरून उताराला लागला की त्याला पटकन थांबता येत नाही. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. कारखान्याच्या शेतकी विभागाला भेटून दोन गोष्टी मागितल्या: ट्रॉलीच्या मागे रेडियम लावा आणि फाट्याजवळ हळू चालवायला टोळीच्या मुकादमांना सांगा. रेडियम बऱ्याच ट्रॉल्यांना लागलं. हळू कितपत झालं, ते ड्रायव्हरगणिक वेगळं.

बाकी चालकांसाठी 500 पत्रकं छापली आणि हॉटेलवर, दूध संकलन केंद्रावर, काळी-पिवळीच्या अड्ड्यावर वाटली. कलमांची यादी कुणी वाचली नाही. काम केलं ते चुन्याच्या दोन रेघांनी. ताशी 60 वेगाला ब्रेकचा विचार येऊन पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी तेवढ्यात 17 मीटर गेलेली असते, आणि चांगल्या ब्रेकनं, कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 23 मीटर, म्हणजे एकूण 40. ताशी 40 ला तेच 11 अधिक 10, म्हणजे 21 मीटर. बसच्या मागच्या बंपरपासून साइडपट्टीवर 28 पावलांवर (21 मीटर) एक रेघ आणि 53 पावलांवर (40 मीटर) दुसरी मारली. काळी-पिवळीवाले स्वतः चालून मोजून आले. एक म्हणाला, "एवढ्यात थांबते व्हय गाडी? माझी नाही थांबायची." ब्रेक दाखवून घेतो म्हणाला.

डिसेंबरमध्ये फाईल हलली. फलक लागले. 30 डिसेंबरला येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या, असल्यानं सगळं गाव शेतात, मजूर मिळाला नाही. काम पुढच्या आठवड्यावर गेलं. 8 आणि 9 जानेवारीला पट्ट्या आणि झेब्रा झाले. थर्मोप्लास्टिक तापवून ओततात, त्याआधी रस्ता कोरडा आणि झाडलेला लागतो, नाहीतर ते पापुद्र्यासारखं सुटतं. झाडण्यासाठी दोन माणसं गावानं दिली. मुरमाची पट्टी ना हरकत घेऊन ग्रामपंचायतीनं केली. 20 गुणिले 3 गुणिले 0.30 म्हणजे 18 घनमीटर; एक ब्रास 2.83 घनमीटरचा, म्हणजे सुमारे 6.4 ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून 8 ब्रास आणला. स्वामित्वधनाची (मुरमाच्या रॉयल्टीची) पावती फाईलला लावून ठेवली, कारण उद्या कुणीतरी तक्रार करतंच.

समितीचा खर्च: कोर्ट फी 10, झेरॉक्स 240, पत्रकं 700, चुना 60, रेडियम पट्टी 450. एकूण 1,460 रुपये, एसटीचं भाडं वेगळं.

त्यातली रेडियम पट्टी शेवटी घ्यावी लागली, त्याचं कारण आधी सुचलं नव्हतं. बस जाताना 6.40 ला वस्तीवरची पोरं घेते. जानेवारीत इकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे पोरं अंधारात रस्त्याकडेला उभी, आणि पुलाकडून धुकं. रस्ता ओलांडणं टाळलं, तर उभं राहणं धोक्याचं झालं. सध्या प्रत्येक दप्तराला मागून बोटभर रुंद पट्टी चिकटवली आहे, आणि पोरं डांबरापासून दहा पावलं आत, बांधाजवळ थांबतात. बस पूर्ण उभी राहिल्यावर मावशी खाली उतरून हाक मारतात, तोवर कुणी पुढं यायचं नाही.

वस्तीच्या बाजूची मुरमाची पट्टी अजून झालेली नाही. त्या बाजूला बस अर्धी डांबरावरच उभी राहते. तिथं विजेचा खांब आहे, त्यावर दिवा बसवायचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. आवक क्रमांक घेतलाय.